धाब्याचं घर गार का राहतं, आणि ते पाडावं का

तुमचा प्रश्न मला असा कळला. अकोल्याजवळ बाळापूरकडच्या गावात आजोबांनी बांधलेलं पाच खणांचं (खण म्हणजे दोन तुळयांमधला भाग) धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर असलेलं, घर आहे, आई तिथं एकट्या राहतात, तुम्ही पुण्याला. पश्चिमेच्या भिंतीला भेग गेलीय. मृगाआधी धाब्यावर माती टाकायला आता माणूस मिळत नाही. भाऊ म्हणतात, पाडा आणि स्लॅब टाका. आई म्हणतात, स्लॅबात माझ्यानं उन्हाळा निघायचा नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंय की ते घर खरंच गार असतं की हा नुसता सवयीचा भाग, आणि खरंच असेल तर तोच गारवा नव्या घरात आणता येईल का.

आईंचं बरोबर आहे. मात्र त्या गारव्यातला अर्धा वाटा धाब्याचा आणि अर्धा आईंच्या हातांचा आहे. हा दुसरा अर्धा कुणी मोजत नाही, आणि नव्या घरांत नेमका तोच राहून जातो. गेली २७ वर्षं मी अकोला, बुलढाणा, वाशीम आणि खाली मराठवाड्यात जुनी घरं दुरुस्त करतोय आणि नवीही बांधतोय. त्यातली निदान दोन मी स्वतः चुकवली आहेत. एकाचं पुढे सांगतो.

आधी हिशेब. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा पारा ४२-४३ वर जातो आणि पहाटे २७-२८ वर उतरतो. दोन्हींची सरासरी ३५. जाड मातीची भिंत उष्णता अडवते असं सगळे म्हणतात. खरं तर ती उष्णतेला उशीर लावते आणि वाटेत दमवते. ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगावर पडलं की ती ऊब हळूहळू आत सरकते. दीड फूट मातीतून आतल्या अंगापर्यंत यायला तिला १४-१५ तास लागतात, आणि पोहोचते तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं. बाहेरच्या चढउताराचा शंभरातला दोन-तीन हिस्साच आत जाणवतो. नऊ इंची विटेच्या भिंतीत हाच प्रवास सात तासांत होतो आणि चौदा-पंधरा हिस्सा आत येतो. पाच इंची स्लॅबमधून ऊब तीन-साडेतीन तासांत येते, चाळीसच्या वर हिस्सा घेऊन.

म्हणजे जाड माती घराला फार तर सरासरीवर आणून ठेवते. दिवसाचा उकाडा आणि रात्रीचा गारवा एकमेकांत मिसळते आणि तुम्हाला ३५ देते. आता ३५ काही गार नव्हे. पण भर दुपारी तुमच्या आईंच्या माजघरात ३१-३२च्या आसपास असतं, आणि वरचे तीन-चार अंश कुठं गेले ते सांगितल्याशिवाय या घराची गोष्ट पुरी होत नाही.

ते अंश रात्री जातात. आईंचा उन्हाळ्यातला दिवस आठवा. उजाडायच्या आत दारं, झरोके, धाब्यातलं धूर जायचं भोक (कुणी त्याला साणं म्हणतं, कुणी सवणं) सगळं सताड उघडं. नऊ वाजले की एकेक करून सगळं लोटायचं, साण्यावर झाकण सरकवायचं, ओसरीला तरट नाहीतर जुनं लुगडं बांधायचं. दिवसभर आत काळोख. दुपारी कुणी पाहुणा दार उघडं टाकून बसला तर त्याला ऐकवायचं. दिवस कलला की अंगणात सडा, मग पुन्हा सगळं उघडं. रात्री बाज अंगणात. त्या रात्रीत २७-२८ अंशांची हवा घरातून फिरते आणि भिंती, जमीन, धाबं या सगळ्यांची ऊब धुऊन नेते. सकाळी दार लोटताना आई तो गारवा कोंडून ठेवत असतात. मातीचं ओझं जेवढं जास्त, तेवढा तो दिवसभर पुरतो.

हे उघडणं-मिटणं सोडून दिलं तर तेच घर पाच-सहा दिवसांत सरासरीवर येऊन बसतं. माझी पहिली चूक हीच. एका तालुक्याच्या गावातला जुना वाडा मी मोठ्या हौसेनं दुरुस्त केला. मातीच्या भिंती राखल्या, चुन्याचा गिलावा केला, माझी छाती फुगली. तिसऱ्या उन्हाळ्यात घरमालकांचा फोन: "साहेब, तुमच्या मातीच्या भिंती तापल्या." जाऊन पाहिलं. डासांच्या आणि चोरांच्या भीतीनं ते संध्याकाळी सहालाच सगळ्या खिडक्या बंद करत, आणि सकाळी दहाला ताजी हवा म्हणून उघडत. घर अगदी उलटं चालवलं जात होतं. यात त्यांचा दोष नव्हता. मी खिडक्यांना जाळी आणि मजबूत गज दिलेच नव्हते, मग रात्री उघडायचं कसं? जुन्या काळी दार उघडं टाकून झोपता यायचं, कारण अंगणात चार बाजा असायच्या आणि ढेलजेत, म्हणजे पुढच्या दारालगत, म्हातारा खोकत असायचा. आज ते काम लोखंडी गज आणि डासांची जाळी करतात. तेव्हापासून माझ्या नकाशात गज आणि जाळी आधी येतात, रंग-गिलावा नंतर.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रात्रीचा हा गारवा घरात सगळ्यांना सारखा मिळत नसे. पुरुष माणसं धाब्यावर किंवा अंगणात, बायका-पोरी आत नाहीतर मागच्या परसात. बाळंतीण तर बंद खोलीत, शेगडीजवळ. दरवर्षीचं सारवण, पोतारा, भुईला शेण, हे सगळं कुणी केलं तेही तुम्हाला ठाऊक आहे. घर गार ठेवणं हे रोजचं काम होतं आणि ते फुकटात होत असे.

आता छपराकडे. उन्हाळ्यात घर तापतं ते मुख्यतः वरून. अकोल्याच्या अक्षांशावर शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात येतो. म्हणजे ऐन कडाक्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. लागतं ते छपराला दिवसभर, पूर्वेच्या भिंतीला सकाळी आणि पश्चिमेच्या भिंतीला दुपारी. म्हणून कुणी मला "सर, भिंती कशाच्या घेऊ?" असं विचारलं की मी म्हणतो, भिंतीचं नंतर बघू, आधी छपराचं बोला.

धाब्याची रचना तुम्ही लहानपणी खालून पाहिलेली असणार. खांब, त्यावर तुळया, आडवी लाकडं, त्यावर बांबूच्या कामट्या किंवा पऱ्हाट्या-तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या), मग कडुलिंबाच्या पाल्याचा थर (वाळवी लागू नये म्हणून), कुटार (भुसा) कालवून मुरवलेला चिखल, आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही माती शेतातली नाही. आपल्याकडे गावाचे दोन भाग: काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती छपरावर टाकणं म्हणजे चाळणी करणं. पांढरी माती पाऊस पडला की वरच्यावर दडसते आणि पाणी पन्हाळीकडे घालवते. जुन्या गढ्या पोखरून लोकांनी ही माती नेली, ती याच गुणासाठी.

हे ओझं किती, याचा अंदाज नसतो. सहाशे चौरस फुटांच्या धाब्यावर एक फूट माती म्हणजे ६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), वजन २७ टनांच्या आसपास, आणि तेही कोरडी असताना. दरवर्षी वर थर पडत गेला आणि जुना कुणी खरवडला नाही, तर पन्नास वर्षांत फुटाचे दोन फूट होतात. हेच ओझं गारवा देतं आणि हेच जीवावर उठतं. त्याकडे येतोच.

स्लॅबचं उलट होतं. करड्या, उघड्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग मे महिन्यात दुपारी साठ अंशांच्या आसपास जातो. तीन तासांनी, म्हणजे चार-पाच वाजता, ती ऊब खाली उतरायला लागते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहते. अशा खोलीत भिंतीवरचा तापमापक ३५ दाखवेल, तरी तुमचं डोकं भणभणतं. कारण शरीराला हवेइतकंच आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान जाणवतं. चाळिशीपार तापलेलं छत तुमच्यावर शेकोटीसारखी ऊब टाकत असतं आणि पंखा वरची तीच हवा खाली ढकलतो. धाब्याच्या घरात हवा तेवढीच असली तरी डोक्यावरची माती ३१-३२ला असते. आई 'गार वाटतं' म्हणतात ते या अर्थानंही खरं आहे, आणि ते साध्या तापमापकात सापडत नाही.

पश्चिमेच्या नऊ इंची भिंतीचा हिशेब तर क्रूर आहे. तिच्यावर ऊन चढतं चार-पाच वाजता. सात तास पुढे मोजा. ऐन झोपेच्या वेळी, अकरा-बारा वाजता, ती आतून तापलेली असते, आणि नव्या घरांत नेमका तिलाच पलंग टेकवलेला असतो. जुन्या घरांत पश्चिमेला गोठा असे, कोठीची खोली असे, नाहीतर शेजाऱ्याची सामाईक भिंत. माणूस तिकडे झोपत नसे. चारी बाजूंनी मोकळा बंगला आपल्याला ऐटीचा वाटतो. पण एकाला एक चिकटून बसलेली गल्लीतली घरं एकमेकांना सावली देतात, हे आपण विसरलो.

चौकाबद्दल थोडं, कारण हल्ली नव्या बंगल्यात चौक हवाच असा आग्रह असतो. वऱ्हाडात मे महिन्यात सूर्य डोक्यावर असल्यानं चौकात दुपारी दोन-तीन तास ऊन पडणारच, चौक कितीही अरुंद केलात तरी. तेव्हा तो तापतो; म्हणूनच जुन्या वाड्यांत त्यावर मांडव घालत किंवा कापड ताणत. चौकाचं खरं काम रात्री असतं. उघड्या आकाशाखाली फरशी आपली ऊब वर सोडते, गार हवा जड असल्यानं खाली साचते आणि भोवतालच्या खोल्यांत सरकते. आता लोक काय करतात? पाऊस नको, वानरं नकोत, चोर नको म्हणून चौकावर पारदर्शक फायबरचा पत्रा ठोकतात. दिवसा ऊन आत, रात्री ऊब बाहेर पडायची वाट बंद. असं घर मी आठ-दहा ठिकाणी पाहिलंय आणि प्रत्येक ठिकाणी मालकाचं म्हणणं एकच, जुन्या वाड्यात काही दम नाही हो. वानरांचा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. त्याला लोखंडी जाळी पुरते.

पाण्याचं शास्त्र आपल्या भागात फार उपयोगी पडतं. दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओलं फडकं हवेत धरून ते २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. साधा कूलर त्यातली तीन-चतुर्थांश मजल मारतो आणि २८-२९ची हवा देतो. वाळ्याच्या ताट्या दारावर टांगून पाणी मारायची पद्धत हेच करायची, सुगंध वरकड. पण कूलरला बाहेरची हवा आत घ्यावी लागते आणि आतली बाहेर सोडावी लागते. खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात दमट होतं आणि मग तो बिघडला म्हणून मिस्त्री बोलावतात. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, एवढंच. जूनमध्ये ढग आले की कूलर निरुपयोगी होतो. त्या दोन-तीन आठवड्यांत पंखा आणि उघडी खिडकी. तुमच्या घरात आणखी एक जपायचं: कूलरचं गळकं पाणी मातीच्या भिंतीच्या पायात मुरू देऊ नका. मी पाहिलेल्या धाब्याच्या घरांतल्या निम्म्या भेगा अशाच सुरू झालेल्या असतात, आणि दोष मात्र जातो भूकंपाला नाहीतर भानामतीला.

हेच सगळं कोकणात नेलं तर फसतं. तिथं मे महिन्यात पारा ३३-३४ला थांबतो, पण हवेत पाणी भरलेलं, आणि रात्र फारशी उतरत नाही. साठवायला गारवाच नसेल तर जाड भिंत काय साठवणार? म्हणून तिथली घरं वाऱ्यावर जगतात: उतरतं कौलारू छप्पर, खाली माळा, चारी बाजूंनी पडवी, समोरासमोर खिडक्या. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ती कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, हा त्यांचा मोठा गुण. एका गृहस्थांनी अकोल्यात हौसेनं कोकणी धाटणीचं घर बांधून घेतलं, मोठमोठ्या खिडक्यांचं. दुपारी त्या खिडक्यांतून वारा येतो खरा, पण ४३ अंशांचा. तसंच, इराणमधल्या यझ्द शहराचे बादगीर, म्हणजे वारा पकडणारे मनोरे, पाहून आलेले लोक मला विचारतात, आपण असा मनोरा बांधू का? तिथं तो वारा तळघरातून, भुयारी कालव्याच्या पाण्यावरून फिरवून मग खोलीत आणतात. खालचं पाणी आणि तळघर सोडून नुसता मनोरा बांधलात तर लू थेट दिवाणखान्यात येईल.

आता किल्लारी. त्याबद्दल बोलल्याशिवाय धाब्याची वकिली करायचा मला हक्क नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथं धाब्याला माळवद म्हणतात. भूकंप काही जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. माणसं मेली ती घराखाली. मातीत रचलेल्या गोलसर दगडांच्या जाडजूड भिंती, आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर, मध्ये दगडगोट्यांची भर, दोन्ही पदरांना बांधणारे लांब जोडदगड नाहीत. हादरा बसला की पदर सुटले, भिंत पोट फुगून कोसळली आणि वरचे टनावारी मातीचे थर झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर त्या भागात लोकांनी माळवदाचा धसका घेतला आणि पत्र्याखाली राहायला लागले. पत्रा दिवसा भट्टी होतो, तरी ते तिथं राहिले. त्यांना 'जुनं ते सोनं' सांगायला मी जाणार नाही. रात्री पत्रा लवकर निवतो, नऊ-दहानंतर त्याखाली झोपता येतं, हा त्याचा एक गुण मात्र मान्य करायला हवा.

म्हणून तुमच्या घराचा निर्णय गारव्यावरून करू नका. आधी ते उभं राहील का, ते बघा. तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, धाब्याचा भार कुणावर आहे? लाकडी खांब-तुळयांवर असेल आणि भिंत नुसती आडोशाला असेल, तर भिंत दुरुस्त करणं सोपं. तुळई थेट भिंतीत टेकवलेली असेल तर काम जिकिरीचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत भिंतीलगत खांब दिसतोय, तो खालपर्यंत शाबूत आहे का, ते बुंध्याशी खिळा टोचून बघा. तीन-चार इंच सहज आत गेला तर आतून पोकळ आहे. हल्ली हे जास्त सापडतं, कारण चूल गेली आणि गॅस आला. पूर्वी रोजचा धूर तुळयांना लागायचा, त्यानं कीड दूर राहायची. दुसरी, वर माती किती आहे? एका कोपऱ्यात खड्डा घेऊन मोजा. फुटाच्या वर असेल तर वरचा भाग उतरवा. नऊ-दहा इंच ठेवून त्यावर सावली केलीत, तर गारव्यात फरक पडत नाही आणि बरंच ओझं उतरतं. तिसरी, भिंत कशाची आहे? कच्च्या विटा किंवा मातीचे थर असतील तर निदान ती एकसंध असते. दुहेरी दगडाची असेल तर दर चार-पाच फुटांवर आरपार जोड घालून, चौकटीच्या वरच्या पातळीला सगळीकडून पट्टा बांधल्याशिवाय मी त्यात कुणाला झोपू देणार नाही.

सिमेंटचा गिलावा करू नका. गवंडी तोच सुचवेल, कारण त्याला तोच येतो. मातीची भिंत श्वास घेते, म्हणजे पायातून वर चढलेला ओलावा पृष्ठभागातून सोडते. सिमेंटनं तोंड बांधलं की ओल आत कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि दोन-तीन पावसाळ्यांनी गिलाव्याचा पापुद्रा भिंतीचा पदर घेऊन खाली येतो. घरात गुळगुळीत टाइल्स बसवल्या की हाच ओलावा जमिनीतून निघायचा थांबतो आणि भिंतीत चढतो. चुन्याचा गिलावा नाहीतर मातीचाच, दोन्ही चालतात.

समजा तपासणीत घर नापास झालं आणि बांधायचंच ठरलं. तर स्लॅब टाका, मी हट्ट धरणार नाही. सत्तरीच्या बाईला दरवर्षी माती टाकायला लावणारं घर देणं हा काही सद्गुण नव्हे. पण तो स्लॅब उघडा ठेवू नका. उष्णता स्लॅबच्या वरच अडवायची. खालून पीओपीचं छत लावलं तर ऊब आधी स्लॅबमध्ये शिरते, रात्रभर तिथंच मुक्काम करते. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या फुटक्या फरशांचा थर, हे आपले मिस्त्री नीट करतात. पैसे नसतील तर दर होळीच्या सुमारास चुन्याचे दोन हात. पांढरा चुना बहुतेक ऊन परत फेकतो आणि एवढ्या स्वस्तात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. पावसाळ्यात तो उतरतो, म्हणून दरवर्षी. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेला, खालच्या अंगाला कौलं बसवून केलेला स्लॅबही चांगला. त्यात काँक्रीट वाचतं आणि हवेची पोकळी मिळते. पण आपल्याकडे तो सरावानं करणारा गवंडी शोधावा लागेल.

गच्चीवर पत्र्याचं शेड ठोकायची सध्या लाट आहे. स्लॅबपासून तीन-चार फूट वर, बाजू मोकळ्या ठेवल्या तर दिवसा त्याचा चांगला उपयोग होतो. पण रात्री तेच शेड स्लॅब आणि आकाशाच्या मध्ये येतं आणि स्लॅबला निवू देत नाही. मला त्यापेक्षा शेतातली हिरवी नेट आवडते: दोरीवर ताणलेली, सकाळी ओढायची, संध्याकाळी गुंडाळायची. मार्चमध्ये दुधी किंवा दोडक्याचा वेल चढवलात तर मेपर्यंत पानं दाट होतात, भाजी वेगळी. पश्चिमेला संडास-न्हाणी, जिना, कोठी. त्या भिंतीला खिडकी नको, आणि असलीच तर आतून जाड पडदा लावून उपयोग नाही, बाहेरून बांबूची चिक सोडा. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा फक्त उजेड अडवतो. पश्चिमेला छज्जा कितीही पुढे काढा, चार-पाचचं तिरकं ऊन त्याच्या खालून येतंच. तिथं कडुलिंबाचं झाड लावा. झोपायची खोली पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या, खिडक्या दोन बाजूंना, त्यांना गज आणि जाळी. आणि साणं विसरू नका: छताजवळ एक झडप, तीत एक एक्झॉस्ट पंखा. रात्री दहाला चालू, पहाटे सहाला बंद. जुन्या घरात बाजेवर झोपलेली माणसं जे करत होती, ते हा पंखा करेल.

यानंतरही एसी लागणार नाही असं मी सांगत नाही. अलीकडे काही रात्री पारा तिशीच्या खाली येतच नाही. अशा आठवड्यात जड भिंतींना ऊब टाकायला जागाच मिळत नाही आणि जुनं घरही हतबल होतं. शहरात तर हे आणखी. आईंचं वय पाहता एका लहान खोलीत एसी ठेवा, त्या दहा-बारा रात्रींसाठी. पण छप्पर सावलीत असेल तर तो एक टनाचा पुरेल.

एवढं करण्याआधी आठ दिवस एक काम करा. दोन साधे तापमापक घ्या, एक माजघरात आणि एक शेजारच्या कुणाच्या स्लॅबच्या खोलीत, दोन्ही भिंतीपासून हातभर दूर, कूलर-एसी बंद असताना. पहाटे पाच, दुपारी तीन आणि रात्री अकरा, या तीन वेळा आईंना लिहून ठेवायला सांगा. भावाला सांगण्यासाठी तेवढा कागद पुरेल. आणि आजच त्या पश्चिमेच्या भेगेवर, वर-मध्ये-खाली अशा तीन ठिकाणी, वितभर लांबीच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पातळ पट्ट्या आडव्या बसवून त्यांवर तारीख घाला. महिन्यात पट्टी तशीच राहिली तर भेग जुनी, झोपलेली आहे. मग घाई नाही. तडकली तर भिंत अजून चालतेय, आणि मग तापमापक वगैरे राहू द्या. आईंची बाज त्या खणातून उचलून ओसरीत टाका आणि पावसाआधी मला किंवा जवळच्या कुणा जाणत्या अभियंत्याला घर प्रत्यक्ष दाखवा.